शनिवारची किल्ली

पद्मजाच्या तळपायाची आग मस्तकात गेली ती घर गरम ठेवणारा बॉयलर बंद पडला म्हणून नव्हे. नोव्हायसारख्या बर्फाच्या गावात जानेवारीत कुणाचा ना कुणाचा बॉयलर बंद पडतोच. आग मस्तकात गेली ती नवरा बेसमेंटमधून वर येऊन “इंटरेस्टिंग!” म्हणाला म्हणून.

नरेंद्रची उभी हयात गाड्यांचे होज, म्हणजे रबरी नळ्या, डिझाइन करण्यात गेली. रिटायर झाल्यावर त्याने घराला मागे एक खोली वाढवली. बॉयलरचं गरम पाणी तिथल्या रेडिएटरपर्यंत पोचवायला तांब्याचा पाइप नेऊ म्हणणाऱ्या प्लंबरला साहेबांनी वाटेला लावलं आणि बेसमेंटभर आपले काळे होज फिरवले. “इंजिनाच्या गरम पाण्याला पुरतात, मग घराला नाही पुरणार?”

होज खरंच थेंबभर गळले नाहीत. पण घरातल्या सगळ्या रेडिएटरमध्ये हवा साठायला लागली आणि ते वरून गार पडू लागले. मग दर शनिवारी पद्मजा छोटी पितळी किल्ली घेऊन घरभर हिंडायची, दुखरे गुडघे टेकून एकेका रेडिएटरचा स्क्रू तिने सैल करून आतली हवा काढायची. मागोमाग काळं पाणी अंगावर उडायचं.

“पाणी गळत नाही, मग हवा येते कुठून रे?” तिने कितीदा विचारलं.

“तू नीट काढत नाहीस,” हे त्याचं ठरलेलं उत्तर. दोन हिवाळे तिने ते ऐकून घेतलं होतं.

काल मेकॅनिकने बॉयलर उघडला आणि हात टेकले. आतून गंजून त्याची पार चाळण झाली होती. आज दुपारी याच घरात नातीचं बारसं होतं. हॉलमध्ये पाळणा सजला होता, आणि बोलताना तोंडातून वाफ निघत होती. सकाळीच लेकीचा, अनयाचा फोन आला.

“आई, आय कान्ट. एवढ्या थंडीत बेबीला कशी आणू? मिहीरच्या आईबाबांकडे करतो आम्ही. ओके?”

ओके कसलं डोंबलाचं! लेकीला दिवस गेल्यापासून पद्मजा या एका दिवसासाठी राबत होती. ती पाळण्याच्या माळा सोडत असतानाच नरेंद्र कापलेला होज हातात नाचवत वर आला.

“इंटरेस्टिंग! रबरातून पाणी बाहेर येत नाही, पण हवेतला ऑक्सिजन हळूहळू आत शिरतो. मग लोखंड गंजतं. गाडीच्या कूलंटमध्ये गंजावर औषध असतं, इथे नुसतं पाणी. पण होज बघ गं, अजून नवाकोरा!”

पद्मजा बघतच राहिली. मेल्या, सॉरी म्हणायला जीभ झडते का तुझी? होजला काही झालं नव्हतं. त्यालाही काही झालं नव्हतं. वाटोळं झालं होतं ते बाकी सगळ्याचं.

व्याह्यांकडे न्यायला तिने पाळणा उचलून गाडीत टाकला. आता त्याला जाग आली. “थांब, मीही कपडे बदलून येतो.”

“नको,” ती म्हणाली. पर्समधून तिने पितळी किल्ली काढली आणि त्याच्या तळहातावर ठेवली. “आज शनिवार आहे. हवा काढ. आणि नीट काढ.”

गाडी सुरू करून तिने आधी हीटर पूर्ण जोरात लावला आणि मगच रिव्हर्स घेतला.