पानबाबांची जीभ

हॉलमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. व्यासपीठावर पानबाबा आणि टोपलीभर हृदयाच्या आकाराची हिरवीगार पानं.

"बघा, देवानं पानावर हृदयच काढून ठेवलंय! शास्त्रज्ञसुद्धा या गुळवेलीला कॉर्डिफोलिया म्हणतात. चावा! जीभ टोचली की समजा, ब्लॉकेज सुटतंय. निर्मळ हृदयाला टोचतच नाही."

लोक चावायचे, "आई गं!" म्हणून कळवळायचे आणि वर टाळ्या वाजवायचे!

त्यात आमचा दादाही. आम्ही दोघं शिवणकामाचं दुकान चालवतो. कापड बेतताना सूतभर चूक न खपवणारा हा माणूस अँजिओप्लास्टीनंतर बाबाच्या नादी लागला आणि त्यानं गोळ्या सोडल्या. दुकानाचा जिना चढताना त्याला धाप लागायची, मध्येच पायरीवर बसायचा. डॉक्टर ओरडले, मी भांडलो, पण पालथ्या घड्यावर पाणी. मला फार भीती वाटत होती.

शेवटी त्या भरल्या हॉलमध्ये वहिनी उठली. ती कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते.

"बाबा, कॉर्डिफोलिया म्हणजे हृदयाच्या आकाराच्या पानांची. हृदय बरं करणारी नव्हे. आपली गुळवेल टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया. आणि ही तर गुळवेलही नाही! हे फिलोडेंड्रॉन हेडेरेशियम, शोभेचा वेल. लोक खिडकीत लावतात."

"ताई, अश्रद्धांना टोचतंच," बाबा हसले.

"मग तुम्ही चावा. तुमचं हृदय निर्मळच असणार."

"माझं... आत्ताच जेवण झालंय."

"मग वर पान हवंच!" मागून कुणीतरी ओरडलं.

बाबांनी चावलं. क्षणात डोळे पांढरे, तोंडातून लाळ. "पाणी! पाणी! मेलो!"

"अगं बाई, बाबांचंही ब्लॉकेज सुटलं!" वहिनी म्हणाली. "घाबरू नका, थुंका आणि चूळ भरा. या पानात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते जिभेत घुसतात. कच्चं अळू खाजतं ना, तसंच. त्याला निर्मळ काय आणि मळकं काय!"

हॉल खदाखदा हसला. दादा मात्र मान खाली घालून बसला होता.

"पण मला बरं वाटत होतं गं."

"अहो, बरं वाटत होतं तर जिन्यात का बसत होता?" वहिनीनं पर्समधून गोळ्यांची पट्टी काढली. "तुम्हाला काही झालं असतं तर?"

दादानं हात पुढे केला. "दे गोळी."

मंडळी, पान हृदयासारखं दिसतं म्हणून हृदय बरं होत असेल, तर मोडलेल्या बोटावर भेंडी बांधा! औषध कशासारखं दिसतं ते सोडा, ते करतं काय ते विचारा. आणि कुणी चमत्कार वाटायला आला, तर पहिला घास त्यालाच भरवा.