दोन तास जास्त

प्रश्न ४. ज्यांची काळजी घेता, त्यांच्यासाठी रोज काय करता?

'चहा घट्ट करते,' असं विनीने लिहिलं आणि खोडलं. सरकारी भत्त्याच्या कार्यालयातल्यांना हे काय कळणार? पक्षाघातानंतर तिच्या नवऱ्याला, क्लाइडला, पातळ काही गिळता येईना, ठसका लागे. म्हणून ती चहात पावडर ढवळून चमच्याने भरवायची. चाळीस वर्षं मेंढ्यांची लोकर कातरलेले त्याचे हात आता मांडीवर पडून असत.

"चहा नव्हे, खळ आहे ही," क्लाइड जड जिभेने म्हणाला. "लाव मला भिंतीला चिकटवून."

"गप गिळ. बस जाईल माझी."

"बरं, नर्सबाई."

बावन्नाव्या वर्षी विनी परिचारिकेचा अभ्यासक्रम करत होती. आठवड्यातून तीन दिवस बसने पोर्ट ऑगस्टाच्या कॉलेजात जाई. तेवढा वेळ शेजारची ऊना विणकाम घेऊन क्लाइडजवळ बसे. एक वर्ष झालं होतं, एक उरलं होतं.

प्रश्न ११. आठवड्यातून किती तास शिकता? (प्रवास धरून.)

पंचवीसच्या वर गेलं की काळजीवाहकाचा भत्ता बंद. वर्ग अठरा तासांचे. तिन्ही दिवस बस जायला दीड तास, यायला दीड.

"कंसातलं वाचूच नकोस," ऊना म्हणाली. "कोण येतंय इथे घड्याळ घेऊन?"

विनीने सत्तावीस लिहिलं. खोटं लिहायला हात वळेना. कॉलेजसमोर राहणारीला हेच शिक्षण भत्त्यासकट मिळालं असतं.

पत्र आलं. कॉलेज किंवा भत्ता.

(फॉर्मवर नसलेला प्रश्न.)

त्याच आठवड्यात, विनी वर्गात असताना, क्लाइडने ऊनाला भत्त्याच्या कार्यालयात फोन लावायला लावला. दोन दिवस तो मनात वाक्य घोकत होता.

"ते दोन तास... माझ्या काळजीतले घ्या. मला... चालतं."

"सर, नीट ऐकू येत नाही."

"काळजी... माझीच ना? मग मी... सांगतो."

"सर, तुमची काळजी घेणाऱ्या बाई आहेत का तिथे? त्यांना द्या फोन."

ऊनाने फोन ओढला. "अहो, मी शेजारीण. मी असते की त्यांच्याजवळ!"

"तुमचं नाव नोंदीत नाही, मॅडम."

क्लाइडने डोळे मिटले. विनीला सांगायचं नाही, एवढं त्याने खुणेने बजावलं.

विनीने कॉलेज सोडलं. निळा गणवेश घडी करून कपाटात गेला.

प्रश्न ७. (नवा फॉर्म.) शिक्षण अर्धवट सोडण्याचे कारण?

क्लाइड हिवाळ्यात गेला. छाती भरली, चार दिवसांत संपलं. दफनानंतर ऊनाने फोनची गोष्ट सांगितली, तेव्हा विनी त्याचा चमचा धूत होती. ती तो धूतच राहिली.

काही आठवड्यांनी भत्ता थांबला. आता तिला काम शोधणं भाग होतं. कार्यालयातली तरुण मुलगी मनापासून हळहळली.

"काही शिकलायत का, विनी?"

"नर्सिंग. एक वर्ष."

"अरे वा! नर्स मिळतच नाहीत हो आपल्याकडे. मग सोडलं का?"

फॉर्मवर अर्धी ओळ जागा होती. विनीने लिहिलं: दोन तास.

मुलीने दोनदा वाचलं. "एवढ्यासाठी कोणी सोडतं का?"

विनीने पेन ठेवलं. "हेच तुझ्या वरच्यांना विचार, बाळ. उत्तर आलं की मला सांग."

"अहो, वेळ लागेल त्याला."

"लागू दे."

ती भिंतीलगतच्या खुर्चीवर जाऊन बसली. आता तिच्याकडे तासच तास होते.