ढिगाचा श्वास

"सूनबाई कारखान्यात काय करते?" असं कुणी विचारलं, की सासरे सांगायचे, "ढिगाचा ताप बघते." विचारणाऱ्याला ती थट्टा वाटायची. पण कामच तसं होतं. कारखान्याच्या आवारात लाकडाच्या ढलप्यांचे डोंगर रचलेले असत. दिवसातून तीनदा त्यांच्या अंगात टोकाला तापमापक असलेली तीन मीटर लांबीची सळई खुपसायची आणि आतलं तापमान वहीत लिहायचं, ही तिची नोकरी. ओल्या ढलप्या एकावर एक पडून राहिल्या की आतून कुजतात आणि कुजताना तापतात. चाळीस अंशांपर्यंत काळजी नाही. साठ झाले की साहेबांना सांगायचं.

कारखान्यात या ढलप्या एका अजस्र बंद टाकीत शिजायच्या. सगळे तिला पातेलंच म्हणायचे. शिजलेल्या लाकडातून साखर वेगळी निघे, तिच्यापासून पाण्यासारखा एक द्राव बनवत, आणि त्या द्रावापासून पुढे बाटल्या, कापडाचे धागे होत. उरलेला तपकिरी गाळ वाळवून त्याची भुकटी करत. प्लायवूड चिकटवायच्या डिंकात ती जायची. आजवर हे सगळं खनिज तेलापासून व्हायचं. तिचा नवरा या द्रावाचा टँकर चालवायचा आणि महिन्यातले वीस दिवस बाहेर असायचा. घरात ती, सासरे आणि दीर.

सासऱ्यांनी चाळीस वर्षं जंगलात कोळशाच्या भट्ट्या लावल्या होत्या. कामावर लागली तेव्हा तिने त्यांना दाखवायला डबीभर तपकिरी भुकटी आणली होती. त्यांनी चिमूट नाकाशी धरली, बोटांवर चोळली.

"आम्ही निम्मं लाकूड आभाळात सोडलं गं," ते म्हणाले. "धूर म्हणून. तुमच्या लोकांनी त्या धुराचंही सोनं केलं. शाबास म्हणायला पाहिजे."

दीर त्याच कारखान्यात ढलप्या उचलणारा लोडर चालवायचा. उंच केबिनमध्ये ऐटीत बसतो म्हणून सगळे त्याला राजे म्हणत. तिला मात्र तो भाऊजी.

सगळं सुरळीत चाललं होतं तेवढ्यात मागणी वाढली. कारखान्याने दुसऱ्या पातेल्याची ऑर्डर दिली आणि त्याच्या हिशेबाने दुप्पट लाकडाचे करारही केले. पातेलं कुठल्याशा बंदरात अडकलं. लाकूड अडकलं नाही. ट्रकमागून ट्रक येत राहिले. ढीग आठ मीटरच्या वर जाऊ द्यायचा नाही असा नियम होता, तो दहावर गेला, मग बारावर. जागा पुरेना तेव्हा ढलप्या, झाडांच्या साली आणि सॉमिलचा भुसा एकाच ढिगावर ओतायला लागले. चार महिन्यांत तो सोळा मीटर झाला. थंडीत कावळे ऊब घ्यायला त्याच्या शेंड्यावर ओळीने बसायचे. एके सकाळी तिथे एकही कावळा नव्हता. तिच्या ते लक्षात आलं, पण ही काय वहीत लिहायची गोष्ट?

त्या सोमवारी सळईने अठ्ठावन्न दाखवले. मंगळवारी सकाळी चौसष्ट, संध्याकाळी सदुसष्ट. ती वही घेऊन यार्डाच्या साहेबांकडे गेली. साहेब माणूस वाईट नव्हता. तेलाच्या कंपनीतली मोठी नोकरी सोडून तो इथे आला होता, आणि लाकडाबद्दल बोलायला लागला की त्याचा चहा गार व्हायचा.

"शुक्रवारी पाहुणे येतायत," तो म्हणाला. "आपलं लाकूड जबाबदारीनं वापरलं जातं की नाही, हे तपासून शिक्का देणारे. आत्ता ढीग उकरायला काढला तर सगळं यार्ड अडेल. दोन दिवस बघू."

बुधवारी एक्कावन्न आले. गुरुवारी शेहेचाळीस.

"बघ!" साहेब खूश झाला. "आपोआप उतरला ना?" फक्त शेंड्यावरून वाफ निघत होती, ती पाहुण्यांना दिसली तर बरं दिसणार नाही. शुक्रवारी दहा वाजता लोडर वर चढवून शेंडा सपाट करायचं ठरलं. काम राजेंकडे आलं.

गुरुवारी घरी आल्यावर तिने हे सासऱ्यांना सांगितलं. जीव भांड्यात पडल्यासारखं सांगितलं. ते लसूण सोलत होते. त्यांचे हात थांबले.

"वास कसला येतो?"

"आधी आंबूस यायचा. आज जरा करपल्यासारखा."

"वाफ कुठून?"

"शेंड्यावरून."

"आणि पायथ्याशी?"

"पायथ्याशी गार आहे, बाबा." तिला काहीतरी आठवलं. "एक गंमत झाली. सळई बाहेर काढली की भोकाच्या तोंडचा भुसा आत ओढला जातो. कुणी फुंकर उलटी मारल्यासारखा."

सासऱ्यांनी लसणाची ताटली बाजूला सरकवली.

"ताप उतरलेला नाही, पोरी. त्याला श्वास लागलाय. खालून गार हवा ओढतो, डोक्यातून सोडतो. तुझी सळई बाजूला आहे, तिला गार हवाच लागणार. आग मधे आहे. आणि आग मधे असली म्हणजे मधलं लाकूड आता लाकूड राहिलेलं नाही. तिथे पोकळी आहे, वर नुसतं कवच."

मग त्यांनी आपल्या जोडीदाराची गोष्ट सांगितली. त्यांच्या जोडीने भट्ट्या लावणारा एक जण होता. वरून माती चोपायला तो भट्टीवर चढला, रोज चढायचा तसाच. कवच फुटलं आणि तो कमरेपर्यंत आत गेला. "मी दोन हातांवर होतो," सासरे म्हणाले. इतक्या वर्षांत घरात कुणी ही गोष्ट ऐकली नव्हती.

जेवताना त्यांनी मुलाला निक्षून सांगितलं, चढायचं नाही. राजे हसले.

"बाबा, तुमची भट्टी केवढी असायची? या खोलीएवढी. हा डोंगर आहे डोंगर."

"मग खड्डाही डोंगराएवढाच असेल."

"पुढच्या महिन्यात मला कायम करतायत. पाहुण्यांच्या दिवशीच नाही म्हणू? वहिनी, तुम्हीच सांगा. तुमच्याच वहीत शेहेचाळीस लिहिलंय ना?"

आकडा तिनेच लिहिला होता, आणि खरा लिहिला होता.

सकाळी ती साहेबांच्या खोलीत गेली. भुसा, श्वास, पोकळी, सगळं एका दमात सांगितलं. साहेबाने ऐकून घेतलं. उठून खिडकीतून ढिगाकडे पाहिलं. त्याच्याही मनात पाल चुकचुकली असावी, कारण त्याने लगेच नकार दिला नाही.

"तुझ्याकडे आकडा आहे का?" त्याने विचारलं. "एक तरी आकडा? वासावर आणि भुशावर मी काम कसं थांबवू?"

"आकडा नाही, साहेब."

"मग पाचच मिनिटं. शेंडा सपाट करून लगेच खाली."

ती धावत यार्डात आली. सासरे तिच्यामागोमाग पायी आले होते आणि फाटकाबाहेर जाळीला धरून उभे होते. वॉचमन त्यांना आत सोडत नव्हता. लोडर सुरू झाला होता.

"दार उघडं ठेव!" ते जाळीतून ओरडले. "चढतोसच तर दार बांधून उघडं ठेव! ऐकतोस का?"

राजेंनी कपाळाला हात लावला, पण बापाचा मान म्हणून खाली उतरले आणि केबिनचं दार दोरीने मागे बांधलं. वहिनीकडे बघून डोळे मिचकावले. "हवा खेळती राहील," म्हणाले.

लोडर वर चढू लागला. खालून तो खेळण्यासारखा दिसत होता. शेंड्याजवळ पोचला, खोरं खाली केलं, वाफेत शिरला. तिला वाटलं, झालं, निभावलं. तेवढ्यात लोडरचं नाक खाली गेलं. मोठा आवाज वगैरे काही झाला नाही. झोपलेल्या माणसाने कूस बदलावी तसा ढीग हलला आणि लोडर पुढच्या चाकांसकट आत गेला. मागची चाकं हवेत फिरत राहिली. मग धूर आला, पिवळट, जाड.

सगळे ढिगाकडे धावले. फाटकावरून सासऱ्यांचा आवाज आला, इतका मोठा की तो त्यांचा आहे हे तिला आधी कळलंच नाही.

"कुणी उभं चढू नका! फळ्या आणा! शिडी आणा!"

वॉचमनने फाटक उघडलं. म्हातारा लंगडत, धापा टाकत आला आणि ढिगाच्या पायथ्याशी उभा राहून हुकूम सोडू लागला. वर्कशॉपमागच्या पॅकिंगच्या फळ्या आल्या, दोन शिड्या आल्या. त्या एकापुढे एक अशा उतारावर टाकल्या. सगळ्यांत हलकं कोण, हे त्यांनी एका नजरेत ठरवलं.

"पोरी, पोटावर जा. साप जातो तशी. तोंडाला ओलं फडकं बांध. फळीच्या बाहेर हात टाकायचा नाही. आणि मी 'मागे' म्हटलं की मागे यायचं, तो हाताशी आला असला तरी."

त्यांनी तिच्या कमरेला दोर बांधला. गाठ दोनदा ओढून पाहिली.

ती सरपटत वर गेली. फळीखालच्या ढलप्या पोळत होत्या. खालून एक बारीक करकर येत होती, दातांखाली वाळू यावी तशी. वर पोचली तेव्हा तिला आधी दार दिसलं, दोरीने बांधलेलं, आणि दारातून अर्धे बाहेर लोंबकळलेले राजे. डोळे उघडे होते, पण ते तिला ओळखत नव्हते. धुराने त्यांना गुंगी आली होती. उजवा हात कोपरापर्यंत ढलप्यांत रुतला होता. तिने आपल्या गाठीपुढे उरलेलं दोराचं लांब टोक त्यांच्या काखेखालून घेऊन बांधलं आणि ओढलं. हात बाहेर आला तेव्हा तिने त्याच्याकडे पाहायचं टाळलं.

"मागे!" खालून सासऱ्यांची आरोळी आली. "मागे, आत्ता!"

खालच्यांनी दोर खेचला. दोघं फळ्यांवरून घसरत खाली आली. ती जमिनीला टेकली आणि तिच्या मागे ढिगाने पहिल्यांदा ज्वाळ बाहेर टाकली. लोडर त्यात हळूहळू दिसेनासा झाला. साहेब तिथेच उभा होता, हातात पाहुण्यांसाठी आणलेली हेल्मेटं घेऊन.

ढीग अकरा दिवस जळला.

राजे वाचले. उजवा हात मनगटापासून गेला. आवाज इतका बसला की हसले तरी खोकल्यासारखं वाटायचं. चौकशी झाली तेव्हा समितीने तिची वही समोर ठेवली आणि शेहेचाळीसवर बोट ठेवून विचारलं, "हा आकडा चुकीचा होता का?"

"आकडा बरोबर होता," ती म्हणाली. "त्याचा अर्थ आम्हाला कळला नाही. अर्थ माझ्या सासऱ्यांना कळला होता, ते फाटकाबाहेर होते."

साहेबाने राजीनामा दिला. नव्या साहेबाने तिला यार्डाची प्रमुख केलं आणि लाकूड नाकारायचा अधिकार लेखी दिला. आठ मीटरच्या वर एक टोपलीही नाही. पहिल्याच आठवड्यात तिने चौदा ट्रक परत पाठवले. तिला वाटलं, आता आपल्या हातात आहे.

महिन्याभराने एका दुपारी राजे तिला बोलवायला आले. बोलण्याऐवजी त्यांनी डाव्या हाताने फाटकाबाहेर बोट दाखवलं. ती त्यांच्यासोबत कुंपणाला वळसा घालून मागच्या रस्त्यावर गेली आणि थबकली. परत पाठवलेलं लाकूड परत गेलंच नव्हतं. रस्त्याच्या कडेने, घरांच्या ओळीला लागून, त्याचा लांबलचक ढीग झाला होता. ढलप्या, साली, भुसा, सगळं एकत्र. एका घराच्या खिडकीपर्यंत तो पोचला होता आणि खिडकीत कुणाचे तरी कपडे वाळत होते.

तिने नव्या साहेबाला फोन केला. "आपल्या फाटकाच्या आत आहे का?" त्याने विचारलं. नाही म्हटल्यावर म्हणाला, "मग तो आपला नाही." जंगलाच्या ठेकेदाराला लावला. तो म्हणाला, माल पोचवला, माझं काम संपलं.

आणखी एक ट्रक येताना दिसला तेव्हा ती रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली. राजे तिच्या शेजारी उभे राहिले. ट्रकवाल्याने ब्रेक दाबला, मान बाहेर काढली. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसता थकवा होता.

"परत ने," ती म्हणाली. "याची आग होईल. इथे माणसं राहतात."

"परत कुठे नेऊ, बाई?" तो म्हणाला. "झाडं तोडून झालीत. ती काही परत बुंध्याला चिकटवता येत नाहीत."

त्याच्या मागे आणखी पाच ट्रक येऊन उभे राहिले. पाचांचीही इंजिनं चालूच होती.

"भाऊजी, यांना हलू देऊ नका," ती म्हणाली, आणि खिडकीत कपडे वाळत होते त्या घराचं दार वाजवायला गेली.