शंभरात तीन

सकाळपासूनची सातवी नळी तडकली तेव्हा मामांनी मशीन बंद केलं. नळी उजेडाकडे धरून ते इतका वेळ पाहत राहिले की मलाही माझी करवत थांबवावी लागली.

"बघू," मी म्हटलं.

"बघायचंय काय त्यात? तडकलीय." त्यांनी ती लाल पेटीत टाकली.

लाल पेटी वाया गेलेल्या मालाची. पूर्वी ती भरायला आठवडा लागायचा. गेला महिनाभर ती रोज जेवणाच्या सुट्टीच्या आत भरत होती आणि कारखान्यातले सगळे तिच्याकडे कानाडोळा करून पुढे जात होते.

आम्ही दवाखान्यांसाठी चाकाच्या खुर्च्या करतो. मी नळ्या मापात कापतो आणि शेजारच्या मशीनवर मामा त्यांना वाक देतात. खुर्ची ढकलायला मागून जिथे धरतात, ती मूठ म्हणजे मामांचं काम. एकतीस वर्षं झाली. वाकाला केसाएवढी चीर दिसली तरी नळी पेटीत. वर रंग बसला की कुणाला कळणार, असं मी एकदा म्हणालो होतो. तेव्हा ते चिडले नाहीत. "त्यावर माणूस बसणारे रे," एवढंच म्हणाले. दोन दिवस मी त्यांच्या नजरेला नजर दिली नाही.

ते मामा होते ते खरं तर एकाच मुलीचे. त्यांची भाची चार वर्षांपूर्वी वरच्या मजल्यावर खर्चाचं काम बघायला लागली. वशिला मामांचाच. पहिल्याच दिवशी तिने सगळ्यांसमोर "मामा" अशी हाक मारली आणि सगळ्या खात्याने ती उचलली. आमचे साहेब मामांपेक्षा सहा महिन्यांनी मोठे, तेही मामाच म्हणतात. घरी भाचीची आई अंथरुणाला खिळलेली. बाप कधीच गेलेला. त्या दोघींचं सगळं हिच्या पगारावर चालतं, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं.

नळी बदलली ती याच भाचीने. आधी आम्ही सीमलेस वापरायचो, म्हणजे जिला मुळात जोडच नसतो अशी. ती कशीही धरा, कुठूनही वाकवा. नवी नळी पत्रा गुंडाळून, कडा वितळवून जोडलेली. त्या जोडाला आम्ही शिवण म्हणतो. आठव्या भागाने स्वस्त, पण लाडावलेल्या पोरासारखी तिची एक अट असते. वाकताना नळीची बाहेरची बाजू ताणली जाते आणि आतली दाबली जाते. शिवण या दोन्हींच्या मध्ये, बगलेला ठेवावी लागते. ती बाहेरच्या बाजूला आली की संपलं. आणि ही शिवण बाहेरून घासलेली, आतून खरवडलेली. त्यावर तेलाचा हात. डोळ्यांना काही म्हणजे काही दिसत नाही. अंगठा फिरवला की एका जागी गोलाई किंचित सपाट लागते, तीच शिवण.

नळी मागवण्याआधी भाची वही घेऊन खाली आली होती. मी तिथेच होतो.

"मामा, ही नळी घेतली तर शंभरात किती जातील?"

"तीन." मामांनी मानसुद्धा वर केली नाही.

"नक्की ना? सहापर्यंत गेल्या तरी परवडतंय. त्याच्यापुढे गेल्या तर सीमलेसच स्वस्त पडेल. नुसती नळी जात नाही, कापायची मेहनत, वाकवायची मेहनत, वेळ, सगळंच जातं."

"तुझ्या मामाच्या हाताखालून चौथी गेली तर मला येऊन सांग."

ती हसली, मीही हसलो. तिने तीनचा आकडा लिहून घेतला. त्या तीनवर तिचा सगळा हिशेब उभा राहिला आणि त्या हिशेबावर साहेबांनी सहा महिन्यांचा माल मागवला. प्रत्यक्षात शंभरात चौदा जात होत्या.

कुठेतरी पाणी मुरतंय हे मला आधीच कळायला हवं होतं. मामांना बारा वर्षांपासून साखरेचा आजार. चहाचा पेला आम्ही रुमालात धरायचो, मामा तसाच मुठीत धरायचे. कष्टाचे हात, दुसरं काय, असं मी समजत होतो. मग आठ दिवसांपूर्वी जेवणाच्या सुट्टीत मी विसरलेला चष्मा घ्यायला परत आलो. खात्यात कुणी नव्हतं. मामा मशीनपाशी पाठमोरे उभे होते. नळी तोंडाशी धरून ते ती हळूहळू फिरवत होते. मला आधी वाटलं, आतला चुरा फुंकून काढताहेत. पण फुंकायला नळीचं टोक लागतं, आणि यांचा खालचा ओठ नळीच्या अंगाला टेकलेला. फिरवता फिरवता ते एका जागी थांबले. तिथे त्यांनी खडूची रेघ मारली, नळी मशीनमध्ये घातली आणि वाकवली. ती तडकली नाही.

बोटांतली जाणीव गेली होती. सीमलेस होती तोवर बोटांची गरजच पडली नव्हती, त्यामुळे कुणाला कळलं नाही. कदाचित त्यांनाही नसेल. तीन म्हणाले तेव्हा ते जुन्या हातांच्या भरवशावर म्हणाले असतील. कुणी बघत नसलं की ओठाने शिवण शोधायची, बघत असलं की अंदाजाने नळी घालायची, असा त्यांचा महिना चालला होता.

मी आल्या पावली परत गेलो, चष्मा न घेताच. आता खरं सांगायचं तर माझ्या हातात एक साधा उपाय होता. नळी कापताना मीच अंगठा फिरवून रेघ मारून दिली असती तर कुणाला काही कळलं नसतं. नळीमागे पाव मिनिट. पण मी नाही मारली. वाकवायच्या मशीनला पगार जास्त असतो आणि मामांनंतर ते मशीन माझ्याकडे येणार होतं. ते मला हवं होतं. आठ दिवस मी ताकास तूर लागू दिला नाही. मुकाट्याने नळ्या कापून त्यांच्यासमोर ठेवत गेलो.

तर त्या दिवशी, सातव्या नळीनंतर, साहेब स्वतः खाली आले. मागोमाग भाची, हातात तीच वही. साहेबांनी लाल पेटीतली एक नळी उचलून मशीनवर आपटली.

"भिकार माल आहे हा. घ्यायला कुणी सांगितलं?"

"मी, सर," भाची म्हणाली.

"शंभरात तीनच जातील, हे कुठून काढलं तुम्ही?"

मामा तिच्यापासून चार हातांवर उभे होते. तिने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"माझा अंदाज होता."

"अंदाज! अंदाजावर माझ्याकडून सहा महिन्यांचा माल मागवून घेता? उद्यापासून तुमच्या टेबलावर दुसरं कुणीतरी बसेल. हा माल परत पाठवायचा आणि पुन्हा सीमलेस सुरू करायची."

मामांनी त्या वेळी गप्प राहायचं होतं, एवढंच. सीमलेस परत आली असती आणि निवृत्तीला उरलेले चौदा महिने त्यांनी आरामात काढले असते. भाचीने सगळं आपल्या अंगावर घेतलंच होतं. ते गप्प राहावेत असं मला वाटत होतं की बोलावेत असं, ते मला आजही सांगता येत नाही.

"आकडा तिचा नाही, माझा आहे," मामा म्हणाले. "आणि नळी चांगली आहे, साहेब."

"चांगली? मग हे काय आहे?"

"मला शिवण लागत नाही. बोटं मेलीत माझी."

साहेबांना काही कळेना. मामांनी मला सांगितलं, "दहा नळ्या दे." मी दिल्या. त्यांनी पहिली उचलली आणि सगळ्यांदेखत ओठाला लावली.

दहा नळ्या. प्रत्येक नळी ओठावरून फिरवायची, थांबायचं, रेघ मारायची, वाकवायची. शेजारची मशिनं एकेक करून बंद झाली. चौथ्या नळीला कापताना राहिलेली धार होती, तिने ओठ कापला. धार माझ्या हातून राहिली होती. मामांनी बाहीने तोंड पुसलं आणि पाचवी उचलली. दहा वाकल्या. एकही तडकली नाही. मामांच्या हनुवटीवर तेल आणि रक्त एक होऊन खाली ओघळत होतं.

साहेबांनी दहावी नळी उचलून तिचा वाक तपासला. ते वाईट माणूस नाहीत. हळू आवाजात म्हणाले, "मामा, गिऱ्हाइकं येतात इथे. असं नाही चालणार. आणि दिवसाला दोनशे नळ्या, कशा करणार?"

"नाही होणार," मामा म्हणाले.

"मग?"

"शिवण दुसऱ्या कुणी शोधून दिली तर वाकवीन मी."

"एका नळीमागे दोन माणसं. मग स्वस्त काय झालं?" साहेब भाचीकडे वळले. "तीन हिशेब मांडा. सीमलेस परत आणली तर नळीमागे किती पडतं. हीच नळी आणि दोन माणसं, तर किती. हीच नळी आणि..." ते अडखळले. "आणि बोटं शाबूत असलेला एक माणूस, तर किती. चार वाजेपर्यंत हवेत."

ते गेले. भाची जागची हलली नाही. मग तिने स्वतःचा रुमाल काढला, मामांची हनुवटी डाव्या हाताने धरली आणि लहान मुलाचं तोंड पुसावं तसं त्यांचं तोंड पुसलं. आधी तेल, मग रक्त. मामांनी पुसू दिलं.

"मी दोन माणसांचा हिशेब बसवते," ती पुसता पुसता म्हणाली. "थोडं इकडचं तिकडे केलं की बसतो. कुणाच्या लक्षात येणार नाही."

"नको."

"मामा, चौदाच महिने तर राहिलेत."

"एकदा मी तुला खोटा आकडा दिला, त्याचं काय झालं बघितलंस ना? आहे तोच लिही." मग तिच्या चेहऱ्याकडे बघून म्हणाले, "तुझी आई घरात आहे. माझ्या घरात काय, आम्ही दोघंच. भागेल आमचं."

"मामींना काय सांगू?"

"तू कशाला सांगतेस? मी सांगेन. ती म्हणेल, बरं झालं, आता दळण आणायला माणूस मिळाला."

ती हसली नाही. वही उघडून तिथेच, त्यांच्या मशीनला टेकून, ती लिहायला लागली. मला आकडे दिसत नव्हते, पण शेवटच्या ओळीशी पेन्सिल बराच वेळ थांबून राहिली, ते दिसलं.

चार वाजता साहेबांनी कागद पाहिला. तिसरा हिशेब सगळ्यांत कमी होता. दुसरा त्याच्याहून नळीमागे थोडासाच जास्त, पण वर्षाच्या नळ्यांनी गुणल्यावर त्या थोड्याशाचं बरंच होत होतं. भाचीनेच ते खाली गुणून दाखवलं होतं. आणि जाणीव गेलेली बोटं करवतीपाशीही नेता येत नाहीत.

"मशीनवर कोण?" साहेबांनी विचारलं.

मी खाली बघत होतो. मामा म्हणाले, "हा आहे की. याचा अंगठा चांगला आहे. आठ दिवसांत बसेल हात."

तेव्हा मी सांगायला हवं होतं की मला सगळं आधीपासून माहीत होतं, रेघ मारून देणं माझ्या हातात होतं. मामांनी जाताना आपला खडूचा तुकडा माझ्या खिशात टाकला आणि खांद्यावर थोपटलं. त्यांना माहीत होतं का? त्या दुपारी मी चष्म्यासाठी परत आलो होतो, आणि नंतर तो चष्मा माझ्या करवतीवर नीट घडी घालून ठेवलेला मिळाला होता. मी त्यावर फार विचार करत नाही. करवतच नाही.

सोमवारी मी मामांच्या मशीनवर उभा राहिलो. नळी हातात घेतली, अंगठा फिरवला. शिवण लगेच लागली. इतकी सहज लागली की मला कसंसंच झालं.

दुपारी भाची खाली आली. शंभर नळ्या झाल्या होत्या. तिने मला काही विचारलं नाही, सरळ लाल पेटीपाशी बसून मोजल्या. हात घालून पुन्हा मोजल्या.

"तीन," ती म्हणाली.

"हो."

"मामा म्हणाला होता तेवढ्याच."

मी मान हलवली. तिने वहीत तीन लिहिलं. मग पेटीतली एक नळी उचलून घेतली, बहुधा मामांना दाखवायला, आणि ती घेऊन चार पावलं चालली. लाल पेटीतला माल फाटकाबाहेर नेता येत नाही. तिला तो नियम माझ्याइतकाच ठाऊक होता. मी पुढची नळी उचलली. ती दारापर्यंत जाऊन थांबली, परत आली आणि नळी पुन्हा पेटीत ठेवली, आवाज होणार नाही अशी.