योगिनीची उलटतपासणी

देवळ्याहून आलेल्या प्रतिभाआत्यांना मुलगी पसंत होती. उंची, रंग, कोर्टातली वकिली, कशाला म्हणून नाव ठेवायला जागा नव्हती. फक्त एक गोष्ट विचारायची राहिली होती, आणि पोटात प्रश्न ठेवून घरी जाणाऱ्यांतल्या आत्या नव्हत्या. त्यांनी योगिनीच्या वडिलांना गच्चीवर पाठवलं. त्यांचा भाचा, नवरामुलगा ज्ञानेश, तेवढा बसून राहिला, कारण त्याला ऊठ असं कुणी म्हणालं नव्हतं.

"राग मानू नको," आत्या म्हणाल्या, "पण शहरातल्या मुलींचं सांगता येत नाही. तुझं कौमार्य शाबूत आहे ना? गमावलेलं आम्हाला चालायचं नाही."

योगिनीने आधी आईकडे पाहिलं. लंकाबाईंनी मान खाली घातली होती. दोन स्थळं आधीच फिरली होती आणि गावाकडे कुजबुज सुरू झाली होती. योगिनीच्या आयुष्यात एक मित्र येऊन गेला होता, त्याची तिला लाज नव्हती, पण आईला ती कधी बोलली नव्हती. खोटं बोलणं तिला जमणार नव्हतं आणि खरं बोललं तर आईची मान कायमची खाली जाणार होती. उरली वकिली.

तिने अगदी नम्रपणे विचारलं, गमावलं म्हणजे नक्की काय होतं? पाकीट गमावलं तर निदान कुणाला तरी सापडतं. हे कुणाला सापडतं, आणि त्याने प्रामाणिकपणे आणून दिलं तर चालेल का? आत्या म्हणाल्या, तसं नाही गं, पडदा असतो. मग सायकलवरून पडून तो फाटला तर? आत्यांनी विचार करून सायकलीला माफी दिली. म्हणजे पडद्याचं काही नाही, पुरुष लागतो, असं ठरलं. त्याने नुसता हात धरला तर? छे. मुका घेतला तर? इथे आत्या अडखळल्या आणि थोडंसं जातं म्हणाल्या. थोडंसं गेल्यावर उरलेलं शाबूत धरायचं का, हे मात्र त्यांना सांगता येईना. शेवटी योगिनीने विचारलं की लग्नानंतर तेच गेलं तर तुम्ही पेढे वाटता, मग आधी गेलं तर चोरी कशी? आत्यांनी पदराने कपाळ पुसलं.

"आणि ज्ञानेश, तुमचं?"

ज्ञानेश चिवड्यात शेंगदाणे शोधू लागला. त्याच्या वतीने आत्याच धावल्या. "पुरुषाजवळ काय असतं गमवायला?"

"मग ज्याच्याजवळ मुळात काही नव्हतंच, त्याच्यासाठी माझ्याजवळचं कोणत्या तोंडाने मागता?"

मी काही मागितलं नव्हतं, असं ज्ञानेश पुटपुटला. ते खरंही असेल, पण बोलायला त्याने फार उशीर केला होता.

लंकाबाई उठल्या. आता आई हात जोडून माफी मागणार, असं योगिनीला वाटलं. आई देवघरापाशी गेली आणि हळदकुंकवाचा करंडा घेऊन आली. पाहुणी "निघते" म्हटल्याशिवाय कुंकू पुढे करायचं नसतं, हे त्या घरात लहान पोरीलाही ठाऊक. आत्यांच्या कपात अर्धा चहा होता. लंकाबाईंनी त्यांच्या कपाळावर ठसठशीत कुंकू लावलं, हातावर साखर ठेवली आणि म्हणाल्या, "या मंग. उन्हाच्या आत पोचाल."

आत्यांना उठावंच लागलं, आणि त्यांच्यामागून ज्ञानेशलाही.

दार लागल्यावर योगिनीने आईचा हात धरला आणि त्या मित्राचं सगळं सांगून टाकलं. लंकाबाईंनी शेवटपर्यंत ऐकून विचारलं,

"त्यानं तुला काही त्रास दिला व्हता का?"

"नाही गं. चांगला होता. नंतर जमलं नाही, एवढंच."

"मंग काय गेलं तुझं?"

"काहीच नाही."

"मला तं वाटलंच व्हतं," लंकाबाई म्हणाल्या, आणि बापाला जेवायला हाक मार म्हणून तिला गच्चीवर पाठवलं. योगिनी दोन-दोन पायऱ्या चढत गेली.