परक्यांचं सुतक

घरात लगीन निघालं की पहिली अडचण पाहुण्यांची नसते, मायबापहो, घरच्याच माणसांची असते. गोरेगावच्या सटवाजीच्या घरी ती अडचण म्हणजे त्याची थोरली बहीण सुभद्रा.

सुभद्रा लहानपणीच विधवा झालेली. मिशनच्या दवाखान्यात नर्सचं काम शिकली आणि लढाई पेटल्यावर पलटणीच्या इस्पितळाबरोबर थेट सिंगापूरला गेली. सिंगापूर पडलं तेव्हा निघायला बोट होती, पण खाटेवरच्या जखमी शिपायांना टाकून तिचा पाय निघेना. त्यांच्यासोबत तीही जपान्यांच्या कैदेत गेली. पट्ट्या संपल्या तेव्हा तिनं लुगडं फाडलं, औषध संपलं तेव्हा रात्ररात्र नुसती उशाशी बसली. जे गेले त्यांना अग्नी द्यायला ना बाप, ना भाऊ. मग हिनंच पदर खोचला आणि दिला. जात विचारली नाही.

परत आल्यावर तिनं भोळेपणानं हे भावजयीला, नानीबाईला सांगितलं. झालं! गाव म्हणालं, "बाईमाणसानं अग्नी दिला, अन् दहावं तर कुणाचंच केलं न्हाई. हिचं सुतक जन्मात फिटायचं न्हाई." तेव्हापासून सुभद्रा गोठ्याच्या पडवीत राही. भाकर तिच्या हातावर वरून टाकत. सटवाजी गावातलं एकही कीर्तन चुकवत नसे, पण हे दिसलं की मान खाली घाली.

आता त्याच्या लेकीची, शालूची सोयरीक सेनगावच्या संपतरावांकडे ठरली आणि निरोप आला, "ती सुतकी बाई घरात असंल तर वरात दारात येणार न्हाई."

"काय ठरवून राहिले?" नानीबाईनं विचारलं. "लेकीचं बघता का बहिणीचं?"

सटवाजी पडवीत गेला. "अक्का, लगीन होईस्तोर दवाखान्यात जाऊन राहातीस का?"

"जाते की. त्यात काय इचारायचं?" सुभद्रा म्हणाली. मग हळूच, "हळद लागल्यावर गेले तर चालंल का रे? लांबून बघंन."

सटवाजी मागं फिरला.

त्याच दिवशी नरसीचे कीर्तनकार तातेबुवा त्याच्याकडे जेवायला होते. पडवीत वरून पडलेली भाकर त्यांनी पाहिली आणि घास ताटात ठेवला.

"सुतकी हाय, बुवा," नानीबाई म्हणाली. "कोण कुठले शिपाई, त्यांचं सुतक."

"परक्याचं सुतक लागतं व्हय, बाई? गावात कुणी मेलं तर तुमी समदे सुतक धरता? ते लागतं नात्याचं! हिला लागलं म्हणता, म्हणजे ते हिचे लेकरं होते हे तुमीच कबूल केलं. मग सटवाजी, तू त्यांचा कोण?"

सटवाजी पडवीकडे बघत म्हणाला, "मामा."

"मग भाचे मेले अन् मामा मांडव घालून राहिला? काहून फेडलं न्हाई रे त्यांचं सुतक?"

"पण बुवा, सोयरीक मोडंल ना!" नानीबाई कळवळली.

"मोडंल, माय. खोटं कशाला बोलू?"

सटवाजी उठला. सेनगावला निरोप गेला, "घरात सुतक हाय, लगीन पुढं ढकला." संपतरावांनी सोयरीक मोडली. शालू रडली, पण दहाव्याच्या पिंडाचा भात तिनंच शिजवला.

कयाधू नदीच्या काठी सुभद्रा एकेक नाव सांगत गेली आणि सटवाजी पाणी सोडत गेला. हरनाम. मुत्तू. किसन नेगी. मग ती थांबली.

"याचं नाव ठाऊक न्हाई रे. जबडा उडाला होता, बोलता येत न्हवतं. माझं बोट धरून निजायचा."

"भाचा म्हणतो," सटवाजी म्हणाला, आणि पाणी सोडलं.

पिंड मांडला. कावळे झाडावर बसून राहिले, एकही खाली येईना. नानीबाईनं हात जोडले, नवस बोलली. काही नाही.

"ते शिवायचे न्हाईत," सुभद्रा म्हणाली. "मी जेवल्याबिगर तिथं कुणी घासाला हात लावत न्हवतं. 'बाई, पहले आप' म्हणायचे. भात मूठभर. मग मी खोटंखोटं चावून दाखवायची, तवा खायचे."

सटवाजीचं काळीज फाटलं! त्यानं शिदोरीतली भाकर मोडली आणि आपल्या हातानं बहिणीच्या तोंडाशी धरली. "आज खरं खा, अक्का! तुझ्या पाया पडतो, खरं खा!"

तिनं घास घेतला. साऱ्या कैदेत न रडलेली ती बाई तोंडातल्या घासासकट ओक्साबोक्शी रडली. उरलेली उष्टी भाकर सटवाजीनं खाल्ली. नानीबाईनं तिचं डोकं मांडीवर घेतलं. कावळा शिवला की नाही, कुणी पाहिलंच नाही.

मायबापहो, सुतक म्हणजे तरी काय? आपलं माणूस गेल्याचं दुःख धरणं. जिनं इतक्यांचं दुःख एकटीनं धरलं, तिच्याजवळ बसायचं सोडून आपण तिलाच दूर बसवलं! अशी कुणी आपल्याही गावात असेल. जा, तिच्याजवळ बसा. पांडुरंग तिथं केव्हाचा येऊन बसला आहे.