जमादाराची हातकडी

निजामाच्या अमलातली गोष्ट. सास्तूरच्या कल्याणप्पा लोहाराकडं जमादार चाँदपाशा गंजलेली हातकडी घेऊन आला. कल्याणप्पाची बायको शांताक्का तेव्हा भाता ओढत होती.

"कडी अडकते," जमादार म्हणाला.

"कशी अडकते?"

"ऐसी!" म्हणत त्यानं एक कडं स्वतःच्या डाव्या मनगटात घातलं, दुसरं कल्याणप्पाच्या उजव्या. खट्‌ खट्‌. मग किल्ली फिरवली, तर ती आतच मोडली.

"तोडू का?" कल्याणप्पानं विचारलं.

"खबरदार! सरकारी माल है. दुसरी किल्ली बनव."

मग काय, किल्ली घडवायला बसले. कल्याणप्पाचा हातोडा वर गेला की जमादाराचा हातही वर जायचा, खाली आला की जमादार ऐरणीवर ओणवा. दहा-बारा घावांत त्याची टोपी राखेत पडली. फाळ पाजवायला आलेले बाबूराव दारातच थबकले.

"कल्याणप्पाला धरलं का वो?"

"न्हाय," शांताक्का म्हणाली, "जमादारांना कामाला ठेवलंय."

किल्ली तयार झाली. कल्याणप्पाचं कडं सुटलं. जमादाराचं मात्र हलेना. तेल घातलं, कानशीनं घासलं, काही उपयोग नाही.

कल्याणप्पा डोकं खाजवत म्हणाला, "लोखंड तापवलं की फुगतं. कडं सैल हुईल."

"हातासकट?" जमादार ओरडला.

"हात आधीच बाहेर काढता आला तर लई बरं."

"तोड! सरकारी माल गया भाड में!"

कल्याणप्पानं जमादाराचं मनगट ऐरणीवर टेकवलं, कड्याच्या सांध्यावर छिन्नी धरली. शांताक्कानं पदर खोचला आणि पाच शेराचा घण उचलला.

"ये मारेगी?" जमादाराचा आवाज पार बारीक झाला.

"घण तीच मारती, साहेब. माझा नेम चुकतो."

जमादारानं डोळे मिटून अल्लाला हाका मारल्या. घण पडला आणि कड्याचे दोन तुकडे झाले. जमादारानं पाची बोटं मोजली, खात्री होईना म्हणून बाबूरावांकडून पुन्हा मोजून घेतली.

मग राखेतली टोपी झटकून तो अदबीनं म्हणाला, "अक्का, तुम्ही फौजेत भरती व्हायला पाहिजे होतं."

"मग इथं भाता कोन वढल?" शांताक्का म्हणाली, आणि बाबूरावांचा फाळ विस्तवात सारला.